ऐकून रुजलेला धर्म : मराठी ख्रिस्ती जीवनातील बोललेला शब्द

महाराष्ट्र आणि गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुतेक वेळा छापील साधनांच्या आधारे सांगितला जातो. गोव्यात १५५६ मध्ये आलेला छापखाना, बायबलची भाषांतरे, व्याकरणे, कोश आणि ‘ज्ञानोदया’सारखी नियतकालिके हे त्या इतिहासातले नेहमीचे टप्पे. परंतु ज्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, गावकुसाबाहेरच्या कुटुंबांनी आणि मुख्यतः ज्या बायकांनी हा धर्म पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांपैकी फार थोड्यांना वाचता येत होते. त्यांचा धर्म तोंडी होता. तो प्रार्थनेत म्हटला जाई, ओवीत गायला जाई, कीर्तनात ऐकला जाई आणि मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादात दिला जाई. या बोललेल्या शब्दाचा इतिहास साडेचारशे वर्षांहून जुना आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : कानाला आधीपासून सवयीचे असलेले रूप मिळाले, की हा शब्द लोकांच्या घरात शिरला.

बोललेल्या शब्दाला ख्रिस्ती धर्मात इतके महत्त्व असण्याची कारणे बायबलमध्येच आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि सृष्टी निर्माण होते. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ शब्दापासूनच होतो. विश्वास ऐकण्यातून उपजतो, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, याबद्दलही बायबल तितकेच आग्रही आहे. जीवन आणि मरण जिभेच्या हाती असल्याचे नीतिसूत्रे सांगतात. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा मोठा भाग जिभेला वळण लावण्याविषयी आहे. डोंगरावरील प्रवचनात येशू शपथा वाहण्यास मनाई करतो आणि होकार व नकार सरळ शब्दांत द्यावा असे शिकवतो. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी दोन, देवाचे नाव व्यर्थ न घेण्याची आणि खोटी साक्ष न देण्याची, थेट बोलण्यासंबंधी आहेत.

धर्मविधींतही उच्चाराशिवाय काही पुरे होत नाही. बाप्तिस्म्यात पाणी लागते, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने म्हणावयाचे शब्द उच्चारले नाहीत, तर तो बाप्तिस्मा धरला जात नाही. मरणाच्या दारी असलेल्या बाळाला धर्मगुरू नसताना घरातले कोणीही हे शब्द म्हणून बाप्तिस्मा देऊ शकते, अशी मुभा कॅथलिक परंपरेत आहे. लग्न लागते ते वधूवरांनी साक्षीदारांसमोर तोंडाने दिलेल्या संमतीने. त्याआधी चर्चमध्ये लग्नाची घोषणा मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धतही जुनी आहे. कॅथलिक परंपरेत पापाची कबुलीही मनातल्या मनात भागत नाही. ती धर्मगुरूच्या कानावर घालावी लागते.

कोकण किनाऱ्यावर हा शब्द मुलांच्या तोंडून घरात शिरला. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत, मुलांना आणि गुलामांना गोळा करत आणि धर्माची मूलतत्त्वे चालीवर म्हणवून घेत. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मारिया, मतांगीकार आणि दहा आज्ञा हा त्या शिकवणीचा गाभा होता. मुले तेच घरी म्हणत आणि मोठी माणसे मुलांकडून शिकत. हीच रीत पुढे प्रश्नोत्तरांच्या धर्मशिक्षणात स्थिरावली. गोव्यात तिला दोतोर्न म्हणतात. शिकवणाऱ्याने विचारायचे आणि सगळ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचे, असा तिचा साचा होता. थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने कोकणीत तयार केलेली ‘दोत्रीन ख्रिस्तां’ ही अशी पुस्तिका त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे छापली गेली.

पाठांतराने धर्माचे नियम कळले, पण मन भरत नव्हते. पोर्तुगीज सत्तेने आपल्या मुलखात जुनी पुराणे आणि पोथ्या बाळगण्यास बंदी घातली होती. अनेक पोथ्या नष्ट करण्यात आल्या. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायपीठही (इन्क्विझिशन) स्थापन झाले. संध्याकाळी पुराण ऐकण्याची सवय असलेल्या घरांत त्यामुळे एक मोठी पोकळी निर्माण झाली होती. स्टीफन्स यांनी ती ओळखली. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ मध्ये जन्मलेले स्टीफन्स ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचा बहुतेक काळ गोव्याच्या साष्टी महालातील गावांत गेला. मराठी आणि कोकणी त्यांनी लोकांत राहून आत्मसात केल्या.

त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्याच अवस्वरात, म्हणजे सर्गात, या ग्रंथाचे कारण सांगितले आहे. रविवारची वेळ आहे, साष्टीतील चर्चमध्ये मुलांना दोतोर्न शिकवली जात आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण गृहस्थ उठतो आणि पाद्रींना विनंती करतो. शिकवण चांगली आहे, पण आम्हाला पूर्वीची पुराणे ऐकायला मना केली आहेत. त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण द्यावे, म्हणजे लोकांना ते ऐकण्याची गोडी लागेल, असे त्याचे म्हणणे. पुढचा सगळा ग्रंथ हे त्या विनंतीला दिलेले उत्तर आहे. श्रोता मागतो आणि पुराणिक सांगतो, ही मराठी पुराणकथेची जुनी मांडणी स्टीफन्स यांनी अशा रीतीने उचलली.

‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे हाताशी नसल्याने ते रोमन लिपीत निघाले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची आणि दुसऱ्यात नव्या कराराची कथा आहे. एकूण ओव्या जवळजवळ अकरा हजार. भाषा मराठी, तिच्यात कोकणीची मिसळण. ओवीचे पहिले तीन चरण यमकात बांधलेले आणि चौथा मोकळा. या रचनेमुळे वाचणाऱ्याला चौथ्या चरणावर श्वास घेता येतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ मनात बसवायला क्षणभर सवड मिळते. ऐकलेल्या ओव्या तोंडात राहतात त्या यमकामुळे. स्वर्गासाठी वैकुंठासारखे ओळखीचे शब्द स्टीफन्स यांनी निःसंकोच वापरले आणि मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या ओव्याही लिहिल्या. हा ग्रंथ रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये मोठ्याने वाचला जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्याच वळणावर फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यांनी संत पेत्राच्या चरित्रावर ओवीबद्ध पुराण रचले. म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती पुराणवाचन ही गोव्यात चांगली रुळलेली प्रथा होती.

मात्र सत्तेचे धोरण लवकरच उलटले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी हुकूम काढून स्थानिक भाषेचा वापर सोडण्यास आणि तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्यास लोकांना सांगितले. १६५४ नंतर ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात पुन्हा छापले गेले नाही आणि पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे आणि वाचणाऱ्यांच्या तोंडी. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला करून घेतल्या आणि त्या घरोघर वाचल्या. १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी अशाच हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी काढली. छपाई थांबली तरी दोन शतकांहून अधिक काळ हे पुराण जिवंत राहिले, कारण त्याला श्रोते होते.

उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर, वसई, मुंबईजवळची साष्टी आणि मुंबई बेटांत, कथा थोडी वेगळी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज धर्मगुरूंचा मोठा वर्ग निघून गेला. मागे राहिलेल्या ख्रिस्ती गावांना धर्मगुरूंचा आधार तुटपुंजा उरला. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती, ती लोकांना शब्दशः समजत नव्हती. धर्माचा रोजचा भार घरातल्या प्रार्थनेने उचलला. दुपारी आणि सांजेला चर्चची घंटा वाजली की हातातले काम थांबवून देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणायची, रात्री जेवणाआधी सगळ्या घराने माळेची प्रार्थना म्हणायची, हे दिवसाचे वेळापत्रकच झाले. माळेची प्रार्थना बहुधा घरातली वडीलधारी बाई सुरू करते. ती अर्धी प्रार्थना म्हणते आणि बाकीचे उरलेली अर्धी पुरी करतात. गोव्यात हीच प्रार्थना तेर्स म्हणून ओळखली जाते. ती संपली की मुले थोरांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. दिवसभरात झालेला रुसवा-फुगवा त्या वेळी मिटवायचा, अशी घराची शिकवण असते.

लदीन ही याच परंपरेतली सामूहिक प्रार्थना. मुंबई आणि वसई परिसरातील, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या वस्त्यांत गल्लीच्या तोंडाशी किंवा विहिरीजवळ क्रूस उभे आहेत. त्यांतले बरेच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला त्या काळात उभारले गेले. साथीत चर्चमध्ये मोठा जमाव नको म्हणून, आणि संकट टळावे असा धावा करण्यासाठी, लोक आपापल्या वस्तीतल्या क्रुसाजवळ जमू लागले. तेथे मरियेची आणि संतांची एकेक नावे घेतली जातात आणि प्रत्येक नावामागे जमाव एकच विनवणी करतो. शब्द लॅटिन, चाली स्थानिक, व्हायोलिनची साथ आणि शेवटी खाऊ वाटायचा, असे तिचे रूप ठरून गेले. अर्थ सगळ्यांना कळत नव्हता, तरी प्रत्येक नावानंतर आपला आवाज मिसळण्याची जागा प्रत्येकाला होती. म्हणूनच परकी भाषा असूनही लदीन लोकांची झाली. क्रुसाजवळच्या या प्रार्थना विशेषतः मे महिन्यात होतात आणि अनेक वस्त्यांनी त्या आजही चालू ठेवल्या आहेत.

देशावर ख्रिस्ती शब्द आला तो एकोणिसाव्या शतकात, प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला सुरू झाले. या मंडळींचा भर बायबल वाचता येण्यावर होता, त्यामुळे शाळा आणि छापखाना आधी आले. प्रत्यक्ष भेट मात्र आठवड्याच्या बाजारात, जत्रेत आणि चावडीवर, बोलण्यातूनच होत होती. ते बोलणे अनेकदा वादाचे असे. मुंबईत १८३० च्या सुमारास स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचे हिंदू पंडितांशी जाहीर वाद झाले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी अनेक आठवडे वाद केला आणि तो ऐकायला मोठी गर्दी लोटत असे. या वादांनी मराठी गद्याला धार आली, दोन्ही बाजूंना आपली मते नीट मांडावी लागली. रोजच्या भक्तीचे शब्द मात्र अशा वादातून मिळणे शक्य नव्हते.

ते बायबलबाईंच्या फेऱ्यांतून आणि कीर्तनातून मिळाले. बायबलबाई म्हणजे मिशनने शिकवून तयार केलेली स्थानिक ख्रिस्ती स्त्री. परक्या पुरुषाला जिथे प्रवेश नव्हता अशा माजघरात आणि पडवीत ती जाई, दोन घटका बसे, एखादा दाखला वाचून दाखवी आणि मग तोच गोष्टीसारखा सांगे. उधळ्या पुत्राची किंवा विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट अनेक बायकांनी प्रथम ऐकली ती अशी. ऐकणाऱ्या बाईने प्रश्न विचारला की वाचन थांबे आणि बोलणे सुरू होई. घरच्या बायांशी त्यांच्याच बोलीत धर्माबद्दल बोलणारी बाई ही त्या काळात नवी गोष्ट होती.

ख्रिस्ती कीर्तन १८६० च्या दशकात अहमदनगर भागात आकाराला आले. त्यात कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांचा वाटा मोठा. मिशनच्या उपासनेत तोवर इंग्रजी चालींवर बेतलेली गीते म्हटली जात. गावातल्या माणसाला त्या चाली धरता येत नसत. सांगळे यांनी मराठी छंद, पदे आणि टाळ-मृदंग यांना उपासनेत जागा मिळवून दिली. कीर्तनाचा जुना साचा तसाच राहिला : आरंभी नमन, पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यान बायबलमधले असे : योसेफाला विकणारे भाऊ, इसहाकाला घेऊन डोंगर चढणारा अब्राहाम, घरी परतणारा उधळ्या पुत्र. मागे टाळकरी, मध्ये उभा कीर्तनकार, समोर कंदिलाच्या उजेडात बसलेले गाव. बाप धावत जाऊन मुलाला मिठी मारतो तिथे कीर्तनकार निरूपण थांबवून पद उचले आणि श्रोते ध्रुपद धरत. हिंदू देवळातली रीत चर्चमध्ये का आणावी, असा आक्षेप काही मिशनऱ्यांनी घेतला. परंतु अक्षरओळख नसलेल्या मंडळीला तास-दोन तास बांधून ठेवणारे आणि घरी जाताना पद ओठांवर ठेवून पाठवणारे दुसरे साधन त्यांच्याजवळ नव्हते. हळूहळू कीर्तन आणि भजन हे नगर, सोलापूर आणि मराठवाड्यातल्या मंडळ्यांचे आपले झाले.

या परंपरेला श्रेष्ठ काव्याची जोड मिळाली ती नारायण वामन टिळकांकडून. ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची अनेक वर्षे अहमदनगरला काढली. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती, आणि त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि पदांत ओतली. त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहातून मराठी मंडळ्यांच्या नित्य उपासनेत गेली आणि आजही म्हटली जातात. ते स्वतः कीर्तनही करीत. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. उरलेले बहुतेक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टीफन्स यांच्यानंतर तीनशे वर्षांनी ख्रिस्ताची कथा पुन्हा ओवीत आली, आणि या वेळी ती मराठी घरात जन्मलेल्या नवराबायकोने मिळून सांगितली होती.

बोललेल्या शब्दाचे सामर्थ्य पंडिता रमाबाईंना बालपणापासून ठाऊक होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. सगळे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत देवळांत आणि नदीकाठी पुराणे सांगून पोट भरत असे. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक आईने मुखोद्गत करून घेतले होते. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी केडगाव येथे मुक्ती मिशन उभारले. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांतून वाचवलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया तेथे राहत. जानेवारी १९०५ पासून सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेसाठी एकत्र येऊ लागल्या आणि जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस तेथे जे घडले ते मुक्तीचे पुनरुज्जीवन म्हणून जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत गाजले. शेकडो स्त्रिया एकाच वेळी, प्रत्येक जण आपापल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडून पापे कबूल करू लागल्या आणि टोळ्या करून आसपासच्या गावांत जाऊन साक्ष देऊ लागल्या. शांत, शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्या काही युरोपीयांना हा गोंगाट वाटला. भारतीय स्त्रियांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे प्रार्थना करू द्यावी, ही रमाबाईंची भूमिका होती. ज्यांना घरात चार माणसांसमोर तोंड उघडण्याची परवानगी नव्हती अशा स्त्रिया, त्यांत अनेक बालविधवा, तेथे प्रथमच मोठ्या आवाजात बोलल्या. या घटनेचे हे सामाजिक मोल तिच्या धार्मिक मोलाइतकेच मोठे आहे.

याच स्त्रियांसाठी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मूळ पाहून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला ऐकून कळत नाही, हे त्यांनी पाहिले होते. कानावर पडताच उमजेल अशी भाषा त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी खिळे जुळवून छापलेला हा ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाला.

कॅथलिक उपासनेत मराठी पूर्णपणे आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली आणि त्यानंतर वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होऊ लागली. लॅटिनमध्ये ऐकलेली उत्तरे मंडळी आता समजून देऊ लागली, वाचने गावातली माणसे करू लागली, सामवेदी आणि इतर बोली बोलणाऱ्या घरांत प्रमाण मराठी ही प्रार्थनेची भाषा झाली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

आज मराठी ख्रिस्ती घरात दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने होतो, जेवणाआधी आभार मानले जातात, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत घरोघर प्रार्थनासभा भरतात आणि आजारातून उठलेला किंवा परीक्षा पार पडलेला माणूस सगळ्यांसमोर साक्ष देतो. त्याचबरोबर चहाडी, शिवीगाळ आणि खोटी शपथ ही पापनिवेदनात सांगावी लागणारी पापे आहेत, हे कॅथलिक मुलांना पहिल्या कम्युनियनच्या तयारीतच शिकवले जाते. देवाशी बोलणारे तोंड शेजाऱ्याशी कसे बोलते, ही त्या शिकवणीची खरी कसोटी. कीर्तन आता पूर्वीइतके होत नाही आणि पुराणवाचनही थोड्याच ठिकाणी उरले आहे. परंतु ओवी, अभंग, लदीन आणि मोठ्याने केलेली प्रार्थना या साऱ्यांनी मिळून मराठी ख्रिस्ती धर्माला लोकांच्या तोंडचा धर्म केले. छापील ग्रंथ त्याच्या मदतीला आले, आणि ज्यांची रचना ऐकण्यासाठी होती तेच लोकांनी जपले.